रंगमंचावरून वर्गात : नर्तिका पर्ल प्रायमस 'डॉक्टर' कशा झाल्या?

नाचून पोट भरणाऱ्या माणसाचे निवृत्तीचे वय कुठल्याही कागदावर लिहिलेले नसते. कारकून अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसतो, त्याला पेन्शन असते, ग्रॅच्युइटी असते. नाचणाऱ्याचे मात्र गुडघेच त्याला निवृत्त करतात. पस्तिशी-चाळिशी आली की कंबर बोलू लागते, घोटा साथ देत नाही आणि काल टाळ्या वाजवणारे लोक आज नवा चेहरा शोधतात. हातात पैसा टिकलेला नसतो, हातात दाखला नसतो. मग आयुष्यभर कमावलेली कला घेऊन हे माणूस जाणार कुठे?

वाचकहो, हा प्रश्न फक्त नाचणाऱ्यांचा नाही. कष्ट करून अंगात विद्या आणली, पण त्या विद्येचा कागद मिळवला नाही, अशा प्रत्येक माणसाचा हा प्रश्न आहे. आपल्या वस्त्यांत असे पुष्कळ लोक आहेत. म्हणूनच सातासमुद्रापलीकडच्या एका कृष्णवर्णीय स्त्रीची हकीगत आज या पानावर सांगावीशी वाटते. तिने व्यवसाय म्हणून नाच केला, नाचातून आपल्या समाजाचे दुःख जगासमोर मांडले. पण ती तिथे थांबली नाही. ती पुन्हा विद्यापीठात गेली, एम.ए. झाली, पीएच.डी. झाली आणि लहान मुलांपासून महाविद्यालयातील विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांची 'बाई' झाली. तिचे नाव पर्ल प्रायमस.

प्रयोगशाळेचे बंद दार

पर्ल प्रायमस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९१९ रोजी त्रिनिदाद बेटावरील पोर्ट ऑफ स्पेन या शहरात झाला. त्या दोन वर्षांच्या असताना कुटुंब पोटापाण्यासाठी न्यूयॉर्कला आले. गावाकडून मुंबईत आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांची गोष्ट आठवा, म्हणजे या कुटुंबाची स्थिती वेगळी सांगावी लागणार नाही. नवे शहर, कष्टाची कामे आणि मुलांनी शिकावे एवढी एकच आस.

मुलगी हुशार निघाली. शाळेत अभ्यासात पुढे आणि मैदानावरही पुढे. धावण्यात आणि उडी मारण्यात तिचा हात धरणारे कमी होते. डॉक्टर व्हायचे हे तिचे स्वप्न होते. त्यासाठी तिने हंटर कॉलेजात जीवशास्त्र आणि वैद्यकपूर्व शास्त्राचा अभ्यास केला व १९४० साली पदवी घेतली. पुढच्या शिक्षणासाठी पैसा हवा, म्हणून प्रयोगशाळेत नोकरी शोधू लागली. पदवी होती, गुण होते, पण कातडीचा रंग काळा होता. प्रयोगशाळेची दारे तिच्यासाठी उघडली नाहीत.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. 'जागा भरली' असे गोड शब्दांत सांगणारे लोक जगात सगळीकडे सारखेच असतात. पण पोट थांबत नाही. तरुणांना काम देण्यासाठी अमेरिकेच्या सरकारने त्या काळी 'नॅशनल यूथ ॲडमिनिस्ट्रेशन' नावाची योजना चालवली होती. पर्ल तिथे गेल्या. त्यांना काम मिळाले ते एका नृत्याच्या कार्यक्रमात पडद्यामागे कपडे सांभाळण्याचे! नर्तकांपैकी एकाची जागा रिकामी झाली आणि कपडे सांभाळणारी ही मुलगी रंगमंचावर उभी राहिली. तोवर तिने नृत्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. पण मैदानावर कमावलेले शरीर होते आणि पाहिलेले चटकन उचलण्याची बुद्धी होती.

१९४१ साली न्यूयॉर्कमधील 'न्यू डान्स ग्रुप' या संस्थेने त्यांना शिष्यवृत्ती देऊन शिकायला घेतले. ही कामगारांच्या बाजूने उभी राहिलेली मंडळी होती. नाच हा श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील करमणुकीचा प्रकार नसून समाजाला जागे करण्याचे साधन आहे, असे ते मानत. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीला असे एक वेगळेच शस्त्र हाती लागले.

नाचातून मांडलेले दुःख

१४ फेब्रुवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधील एका सभागृहात पर्ल प्रायमस यांनी स्वतःच्या रचना प्रथम सादर केल्या. वय होते तेवीस. त्यातील एक रचना होती 'स्ट्रेंज फ्रूट'. अमेरिकेच्या दक्षिण भागात त्या काळी कृष्णवर्णीयांना जमाव झाडाला लटकावून ठार मारीत असे. पोलीस बघत, न्यायालये गप्प बसत, आणि गावची माणसे जत्रेला यावे तशी ते बघायला येत. अशा हजारो हत्या झाल्या. याच विषयावर एबल मीरोपोल या शाळामास्तराने कविता लिहिली होती आणि बिली हॉलिडे या गायिकेने १९३९ पासून ती गाऊन लोकांना हादरवले होते.

पर्ल प्रायमस यांनी त्यावर नाच बसवला, तो संगीताशिवाय. मागे फक्त कवितेचे शब्द म्हटले जात. आणि त्या स्वतः कोण झाल्या? मारल्या गेलेल्या माणसाची आई नव्हे, बायको नव्हे. जमावातून हत्या पाहायला आलेली एक गोरी स्त्री त्यांनी उभी केली. जमाव पांगला आहे, ती एकटी मागे राहिली आहे आणि आपण काय पाहिले, कशात सामील झालो, हे तिला आता उमगते आहे. ती जमिनीवर कोसळते, धडपडते, पळू पाहते. अन्याय करणाऱ्याच्या अंगात शिरून त्याला त्याचा अन्याय दाखवणे ही सोपी गोष्ट नाही. तेवीस वर्षांच्या मुलीने ती केली.

दुसरी रचना होती 'हार्ड टाइम ब्लूज'. जमीनदाराच्या शेतात वाट्याने राबणाऱ्या आणि तरीही कायम कर्जात बुडालेल्या कृष्णवर्णीय कुळांची ती व्यथा होती. या रचनेत त्या हवेत अशा उंच उड्या घेत की पाहणाऱ्याचा श्वास थांबे. 'न्यूयॉर्क टाइम्स' या प्रसिद्ध दैनिकाचे समीक्षक जॉन मार्टिन यांनी त्यांची मोठी प्रशंसा केली. त्याच वर्षी 'कॅफे सोसायटी' या ठिकाणी त्यांना नियमित काम मिळाले. काळे-गोरे प्रेक्षक एकत्र बसू शकतील अशा थोड्या ठिकाणांपैकी ते एक होते. १९४४ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, त्यांचा कार्यक्रम झाला.

पण एक गोष्ट त्यांच्या मनाला टोचत होती. ज्या कुळांचे दुःख आपण नाचतो, ते आपण शहरात बसून ऐकलेले आहे, पाहिलेले नाही. म्हणून १९४४ साली त्या दक्षिणेकडे गेल्या. कुळांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांच्याबरोबर कापूस वेचला, त्यांच्या चर्चमध्ये जाऊन बसल्या आणि लोक कसे उभे राहतात, कसे डोलतात, ओझे घेऊन कसे चालतात ते पाहत राहिल्या. यशाच्या शिखरावर असताना कापूस वेचायला जाणारा कलावंत किती ठिकाणी सापडेल? त्यांच्यातील शिक्षिका मला इथेच प्रथम दिसते. शिकवण्याआधी शिकावे लागते, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही.

आफ्रिकेची वाट

नाच चालू असतानाच त्या संध्याकाळच्या वर्गांना जात. आरोग्य शिक्षण, मानसशास्त्र, मग मानववंशशास्त्र असा त्यांचा अभ्यास सरकत गेला. काही काळ त्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकल्या. कोलंबियाचे नाव निघाले की आपल्या वाचकांचे कान टवकारणारच. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तिथे शिकले आणि ९ मे १९१६ रोजी जातिसंस्थेच्या उत्पत्तीवरील आपला निबंध त्यांनी तिथेच वाचला, तोही मानववंशशास्त्राच्या वर्गात, डॉ. गोल्डनवायझर यांच्यासमोर. समाजाने आपल्याला खाली का ढकलले याचे शास्त्रशुद्ध उत्तर शोधणाऱ्या माणसाला या विषयाची पायरी चढावी लागते. बाबासाहेबांनी ती जातीच्या प्रश्नासाठी चढली, पर्ल प्रायमस यांनी वंशाच्या प्रश्नासाठी.

१९४८ साली फिस्क विद्यापीठात त्यांचा कार्यक्रम होता. ज्युलियस रोझेनवाल्ड फंडाचे प्रमुख एडविन एम्ब्री प्रेक्षकांत होते. कार्यक्रमातील आफ्रिकी नाच पाहून त्यांनी विचारले, 'तुम्ही आफ्रिकेत शेवटच्या कधी गेला होता?' उत्तर आले, 'कधीच गेले नाही.' जे नाच त्यांनी सादर केले ते ग्रंथालयातील पुस्तके, चित्रे आणि संग्रहालयातील वस्तू पाहून रचलेले होते. एम्ब्री यांनी त्यांना आफ्रिकेला जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली.

हा रोझेनवाल्ड कोण? एक मोठा व्यापारी, स्वतः कृष्णवर्णीय नव्हे. पण त्याच्या पैशातून आणि कृष्णवर्णीय लोकांच्या स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून दक्षिणेत त्यांच्या मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीने एका विद्यार्थ्याला कोलंबियाला पोहोचवले आणि त्यातून काय घडले हे आपण जाणतो. योग्य वेळी मिळालेली शिष्यवृत्ती ही दानधर्माची बाब नसते. ती एका समाजाच्या उद्याच्या पिढीवर केलेली गुंतवणूक असते. आम्ही वाणिज्य शाखेचे लोक तिला भांडवली खर्च म्हणतो.

पर्ल प्रायमस आफ्रिकेत दीड वर्षाच्या आसपास फिरल्या. नायजेरिया, घाना, सेनेगल, लायबेरिया, काँगो अशा अनेक भागांत राहून त्या तेथील लोकांकडून नाच शिकल्या. नायजेरियात योरुबा लोकांनी त्यांना 'ओमोवाले' असे नाव दिले. त्याचा अर्थ, घरी परत आलेले लेकरू. ज्यांच्या पूर्वजांना साखळदंडात बांधून जहाजात कोंबून नेले, त्यांच्या नातीला दिलेले हे नाव आहे.

तिथे त्यांनी पाहिले की नाच हा काही वेगळा बाजूला काढून ठेवलेला धंदा नाही. मूल जन्मले तर नाच, पेरणी झाली तर नाच, मुलगा वयात आला तर नाच, माणूस गेला तरी नाच. आणि या सर्वांतून मुलांना शिकवले जाते. वडीलधाऱ्यांशी कसे वागावे, गावाचा इतिहास काय, आपले पूर्वज कोण, हे पुस्तकाविना शिकवले जाते. परत आल्यावर त्यांनी लायबेरियातील 'फांगा' हा स्वागताचा नाच अमेरिकेत आणला. आज तिथल्या कितीतरी शाळांत मुले तो नाचतात.

एम.ए. आणि शाळेतील मुले

येथून पुढे त्यांच्या आयुष्याची दिशा हळूहळू बदलली. नाच सुटला नाही, पण नाचाचा हेतू रुंदावला. त्यांचे पती पर्सिव्हल बोर्ड हेही त्रिनिदादचे, स्वतः नर्तक. संसार होता, मुलगा होता, दौरे होते, शिकवण्या होत्या. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या लेखिका माया अँजेलो याही तरुणपणी त्यांच्याकडे नाच शिकायला आल्या होत्या. या सगळ्या धबडग्यात पर्ल प्रायमस यांनी न्यूयॉर्क विद्यापीठातून शिक्षणशास्त्राशी संबंधित एम.ए. पूर्ण केले. साल होते १९५९. पदवी घेऊन एकोणीस वर्षे झाली होती आणि वयाची चाळिशी समोर होती. त्याच सुमारास लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोव्हिया येथे, कलाकेंद्र चालवण्याचे काम त्यांच्याकडे आले व पती-पत्नी तिकडे गेले.

त्यानंतरचे काम माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या मदतीने त्यांनी न्यूयॉर्कच्या प्राथमिक शाळांत एक प्रयोग केला. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना नाचाच्या साह्याने जगातील इतर लोकांची ओळख करून द्यायची, असा तो प्रयोग होता. नाच करून दाखवायचा आणि त्याबरोबर सांगायचे की हा नाच कोण करतात, कधी करतात, का करतात आणि त्यातून ते कोणती मूल्ये जपतात.

विचार करा, त्या वेळी आफ्रिका म्हणजे जंगल आणि रानटी माणसे एवढेच चित्र अमेरिकेतील मुलांच्या मनात भरवले जात होते. काळ्या मुलाला आपल्या मुळाची लाज वाटावी आणि गोऱ्या मुलाला आपल्या रंगाचा गर्व व्हावा, अशीच ती व्यवस्था होती. त्या वर्गात एक काळी बाई येते, आफ्रिकेच्या गावातला नाच करून दाखवते आणि त्यामागचा अर्थ सांगते. काळ्या मुलाची मान वर होते आणि गोऱ्या मुलाचे डोळे उघडतात. 'स्ट्रेंज फ्रूट' या रचनेने मोठ्या माणसांना जे दाखवायचे होते, त्याचे बीज इथे लहान मुलांत पेरले गेले. मोठ्या माणसाचे मन वळवण्यापेक्षा लहान मुलाचे मन घडवणे अधिक टिकाऊ, हे शिक्षकाला जेवढे कळते तेवढे कलावंताला कळतेच असे नाही. या बाई दोन्ही होत्या.

अठ्ठावन्नाव्या वर्षी पीएच.डी.

१९७८ साली न्यूयॉर्क विद्यापीठाने पर्ल प्रायमस यांना पीएच.डी. दिली. प्रबंधाचा विषय होता, लायबेरियातील मानो जमातीच्या मुलांवर संस्कार करताना मुखवट्यांचा शैक्षणिक साधन म्हणून होणारा उपयोग. मुखवटा घालून नाचणारा माणूस हा मुलांचा मास्तर कसा असतो, हे त्यांनी शास्त्राच्या भाषेत मांडले. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठावन्न होते. ज्या वयात आपल्याकडे कारकुनाचा निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते, त्या वयात त्यांनी आपला प्रबंध पूर्ण केला. १९४० च्या बी.ए.पासून मोजले तर अडतीस वर्षे. डॉक्टर व्हायचे स्वप्न होते. प्रयोगशाळेने दार लावले म्हणून एका प्रकारच्या डॉक्टर झाल्या नाहीत, दुसऱ्या प्रकारच्या झाल्या.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, पतीचे निधन झाले. तरी काम थांबले नाही. १९८४ पासून मॅसॅच्युसेट्स राज्यातील 'फाइव्ह कॉलेजेस' या पाच संस्थांच्या समूहात त्यांनी प्राध्यापक म्हणून शिकवले. १९८८ साली 'अमेरिकन डान्स फेस्टिव्हल'ने त्यांच्या जुन्या रचना नव्या पिढीच्या नर्तकांकडून पुन्हा बसवून घेतल्या. १९९१ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्यांना 'नॅशनल मेडल ऑफ आर्ट्स' हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. २९ ऑक्टोबर १९९४ रोजी त्यांचे निधन झाले.

पदवीने काय दिले?

कुणी म्हणेल, 'त्या आधीच प्रसिद्ध होत्या. नाच येत होता. मग एम.ए., पीएच.डी.ची गरज काय होती?' हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तीन भागांत देता येईल.

पहिला भाग असा की, येणे आणि सांगता येणे यांत फरक आहे. उत्तम पोहणारा माणूस उत्तम पोहायला शिकवतोच असे नाही. त्याचे हातपाय आपोआप चालतात, ते कसे चालतात हे त्याने कधी तपासलेले नसते. पदव्युत्तर अभ्यास माणसाला हे तपासायला लावतो. 'मी करते तसे कर' इथपासून 'हे असे का करतात ते समजून घे' इथपर्यंतचा प्रवास त्यातून होतो.

दुसरा भाग म्हणजे लेखन. नाच संपला की तो हवेत विरतो. नर्तकाबरोबर त्याचे ज्ञानही जाते. आपल्या समाजातील कितीतरी कलावंतांची विद्या अशीच त्यांच्याबरोबर गेली, कारण ती कुणी उतरवून घेतली नाही. प्रबंध लिहावा लागतो म्हणून तरी ते ज्ञान कागदावर येते आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

तिसरा भाग रोखठोक आहे. आमच्यासारख्या कार्यालयात खर्डेघाशी करणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. पद मिळण्यासाठी अर्हता लागते. अर्हतेचा रकाना रिकामा असेल तर तुमची पंचवीस वर्षांची साधना कोणत्याही रकान्यात बसत नाही. व्यवस्था कागद वाचते. हे बरोबर आहे की चूक, यावर वाद घालता येईल. पण तोवर आपल्या माणसांच्या हाती तो कागद नसेल तर त्या खुर्चीवर दुसरेच कुणी बसेल आणि आपलीच कला आपल्याच मुलांना शिकवून पगार घेईल.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पर्ल प्रायमस यांच्या आधीच्या पिढीतील कॅथरीन डनहॅम यांनी शिकागो विद्यापीठातून १९३६ साली मानववंशशास्त्राची पदवी घेतली. त्यांनाही रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती मिळाली होती व हैतीतील नाचांचा त्यांनी मोलाचा अभ्यास केला. पण रंगमंचाच्या ओढीने त्यांची पुढची पदवी अपुरी राहिली. तरीही त्यांनी न्यूयॉर्कमध्ये शाळा काढली आणि १९६७ नंतर ईस्ट सेंट लुईस या गरीब वस्तीच्या शहरात विद्यापीठाच्या साह्याने तरुणांसाठी कलाकेंद्र चालवले. म्हणजे पदवी हा एकच रस्ता आहे असे नाही. पण डनहॅमबाईंच्या पाठीशी जगभर गाजलेले स्वतःचे नृत्यपथक होते. ज्याच्या पाठीशी असे काही नाही, त्या साध्या माणसासाठी पदवीचा रस्ता अधिक खात्रीचा.

आपल्याकडे काय?

आपल्या महाराष्ट्रात नाचून जगणाऱ्या स्त्रियांची संख्या थोडी नाही. तमाशाचे फड, लावणीचे कार्यक्रम, ऑर्केस्ट्रा, चित्रपटातील समूहनृत्ये असे कितीतरी प्रकार आहेत. २००५ साली राज्य सरकारने डान्स बारवर बंदी घातली तेव्हा हजारो बायकांची चूल एका दिवसात विझली. पुढे न्यायालयात सरकार हरले आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती बंदी अवैध ठरवली. पण मधल्या आठ वर्षांत ज्यांचे व्हायचे ते होऊन गेले. त्या बायकांच्या नैतिकतेची चर्चा पुष्कळ झाली. त्यांच्यातील एखादीला शिकून दुसरे काही करता येईल का, याची चर्चा फारच थोड्यांनी केली.

वाट नाही असे नाही. शास्त्रीय नृत्य शिकणाऱ्यांना अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा माहीत आहेत. प्रारंभिकपासून विशारद आणि पुढे अलंकारपर्यंत त्या जातात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, जिथे आपल्या लोककलांचा अभ्यास होतो. मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी नालंदा नृत्यकला महाविद्यालय उभे केले. त्या कायद्याच्या पदवीधर होत्या, नर्तिका होत्या आणि नृत्यात पीएच.डी. मिळवून नृत्यशिक्षणाला विद्यापीठात स्थान मिळावे म्हणून झटल्या. २०२३ साली त्यांचे निधन झाले. ज्यांचे शिक्षण अर्धवट राहिले त्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी-संसार सांभाळून पदवी घेता येते.

महाविद्यालयात शिकवायचे तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे एम.ए.ला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट परीक्षा अशी साधारण अट आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना गुणांत ५ टक्क्यांची सवलत आहे. नेट परीक्षेत नृत्य-नाट्य हा स्वतंत्र विषय आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याआधी त्या वेळची जाहिरात आणि माहितीपत्रक नीट वाचून घ्यावे. कुणाच्या तोंडी माहितीवर विसंबू नये.

खोटी आशाही दाखवू नये. पदवी घेतली म्हणजे लगेच कायम नोकरी, असे आज कुठल्याच विषयात नाही. कित्येक उच्चशिक्षित तरुण महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबत आहेत, सुटीच्या दिवसांचा पैसा त्यांना मिळत नाही. हा एक वेगळा लढा आहे आणि तो संघटनेनेच लढावा लागेल. पण शिकलेली नर्तिका शाळेत शिकवू शकते, स्वतःचा वर्ग काढू शकते, संशोधन करू शकते, लिहू शकते. न शिकलेलीपुढे गुडघा दुखू लागल्यावर एवढ्या वाटा नसतात.

घरातील मोठ्यांना विनंती

सामाजिक कामाच्या निमित्ताने घरोघरी जाणे होते. मुलगी नाचात चांगली आहे, असे कळल्यावर आई-वडिलांचे दोनच सूर ऐकू येतात. एक सूर म्हणतो, 'नाचगाणे आपल्याला नको, त्यापायी आपल्या बायाबापड्यांनी पुष्कळ सोसले.' त्यांचे चुकते असे म्हणवत नाही. ज्या समाजातील स्त्रीला पोटासाठी दुसऱ्यांसमोर नाचावे लागले, त्या समाजाला नाचाचा धसका असणारच. दुसरा सूर नवा आहे. तो म्हणतो, 'टीव्हीवरच्या स्पर्धेत पाठवू, नशीब उघडले तर उघडले.' त्यासाठी शाळा बुडते, दहावीचे वर्ष हातचे जाते.

या दोन्ही टोकांच्या मध्ये एक तिसरी वाट आहे आणि ती पर्ल प्रायमस यांनी चालून दाखवली. मुलीला नाचू द्या, पण शाळा सोडू देऊ नका. तिला सांगा की आधी पदवी, मग नाचातली पदवी, मग त्याच्या पुढची. स्पर्धेत बक्षीस मिळाले तर आनंद माना, पण बक्षिसाचा कप फळीवर ठेवा आणि पुस्तक तिच्या हातात द्या. आणि घरात एखादी स्त्री तरुणपणी नाचत असेल, गात असेल व आता चाळिशीत गप्प बसली असेल, तर तिलाही विचारा की पुन्हा शिकायचे आहे का. फॉर्म भरायला मदत करा, अभ्यासाच्या वेळी घरचे काम वाटून घ्या. नवऱ्याने एक वेळचा स्वयंपाक केला तर घराची इभ्रत जात नाही.

पर्ल प्रायमस गेल्यावर दहा वर्षांनी 'अर्बन बुश विमेन' या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नृत्यसंस्थेने त्यांच्या लेखनावर आणि प्रवासावर आधारित नवी रचना केली. त्यांच्या पायांचा नाच १९९४ साली थांबला होता, पण त्यांनी लिहून ठेवलेले आणि शिकवून ठेवलेले शिल्लक होते. म्हणूनच पुढच्या बायकांना त्या मापाचे पाऊल टाकता आले. आपल्या वस्तीतील कलावंत माणसे अजून हयात आहेत, त्यांच्या अंगात विद्या आहे. त्यांच्यातील जी शिकू शकतात त्यांना या जूनमध्ये प्रवेश घेऊन द्या. जी शिकू शकत नाहीत त्यांच्याजवळ एखादा शिकलेला मुलगा वही घेऊन बसवा.